एकोणीस नंबरची बाटली

जानराव तेलगोटे यांच्याबरोबर पायी निघायचं असेल, तर उशिरा पोचायची तयारी ठेवावी. अकोल्याच्या जुन्या शहरातून मोर्णेच्या पुलापर्यंत येताना ते चारदा तरी थांबतात. रस्त्यात शेण पडलेलं दिसलं की कमरेत वाकतात, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करतात आणि निकाल देतात.

"हिले नुसता कडबाच भेटून राह्यला, मॅडम. सरकीच्या ढेपीचा तुकडा नाही."

पुढच्या वळणावर, रेड्याचं शेण बघून, "ह्या हल्याले जंत हायेत."

येणारेजाणारे बघतात. पांढरा सदरा घातलेला बासष्ट वर्षांचा माणूस आणि खांद्याला पर्स अडकवलेली बाई, दोघं भर बाजारात शेणाची चौकशी करताहेत. पहिल्या वर्षी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता मीही वाकते. सांगता मात्र काही येत नाही.

मी गुराढोरांच्या आनुवंशिकतेवर काम करते. म्हणजे कुठलं जनावर कोणाचं, त्याच्या अंगात कुठलं रक्त, हे प्रयोगशाळेत बसून शोधते. माहेर अमरावतीचं, नोकरी अकोल्यात, स्वभाव तापट. जानराव आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. त्याआधी वीस वर्षं गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यांत. सुया उकळायच्या, फरशी पुसायची आणि जनावर धरायचं. हे धरणं साधं काम नव्हे. डॉक्टर सुई टोचून नामानिराळा होतो, लाथ खातो तो धरणारा. जानराव म्हशीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत आणि म्हैस उभी राही. काय सांगता तिला, असं मी एकदा विचारलं.

"काई नाही. डॉक्टर नवा हाये, सांभाळून घे म्हनतो."

ते बार्शीटाकळीचे. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, जानराव दहावी झाले आणि सरकारी नोकरीत लागले. मुलगा सुगत चांदूर रेल्वेला रेल्वेत आहे. घरी आता दोघंच, जानराव आणि त्यांची बायको शालूताई. आणि भुरी. भुरी म्हणजे म्हैस, पूर्णाथडी जातीची. पूर्णेच्या काठची ही जात काळी कमी, भुरकट जास्त. शेपटीचा गोंडा पांढरा. दूध बेताचं देते, पण वऱ्हाडाचं ऊन अंगावर घेऊन उभी राहते. जानरावांना भुरीबद्दल विचारू नये. विचारलंच, तर दुपार गेली समजावं.

शालूताईंबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण पुढचं रामायण त्यांच्यामुळे घडलं. अकरा वर्षं दर आठवड्याला त्यांच्याकडून मला एक स्टीलचा डबा येतो. ज्वारीची भाकर, भरली वांगी, कधी नुसता ठेचा. मी खाते, डबा घासून लख्ख करते आणि जानरावांच्या हाती परत देते. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला स्वच्छ आणि रिकामं भांडं याच्याएवढी सुंदर गोष्ट नाही. शालूताईंचा कायदा वेगळा. त्यांच्या घरातून कुणाची वस्तू रिकामी परत जात नाही. मी कागद पाठवले त्या पिशवीतून तूर आली. थर्मासमधून शेंगा आल्या. एकदा त्यांच्याकडे छत्री विसरले, ती परत आली तेव्हा तिच्या घडीत ओल्या हरभऱ्याची जुडी होती. मी हसले. हसण्यापलीकडे त्याचा काही विचार केला नाही, हे माझं चुकलंच.

गेल्या वर्षी आमच्याकडे रानम्हशींचं काम आलं.

आपल्या गोठ्यातल्या म्हशीची ही थोरली बहीण. अंगानं दीडपट, पाय गुडघ्याखाली पांढुरके, गळ्याखाली पांढरा पट्टा. शिंगं एवढी पसरलेली की दोन टोकांच्या मध्ये उंच माणूस आडवा निजावा. एकेकाळी मध्य भारताच्या गवताळ, पाणथळ रानात ती खूप होती. शिकार झाली, गवताची शेतं झाली, आणि गावच्या गुरांकडून बुळकांडी, खुरकूत यांसारखे रोग गेले. आता महाराष्ट्रात गडचिरोलीच्या टोकाला मोजकी उरली आहेत. पण तिचा सगळ्यात अवघड प्रश्न बंदूकही नाही आणि रोगही नाही. तो आहे सोयरीक. रानम्हैस आणि गावम्हैस यांचं जमतं, वासरंही होतात आणि त्या वासरांनाही वासरं होतात. चार पिढ्यांत रान कुठलं आणि गाव कुठलं, हे शिंगं बघून सांगता येत नाही. एखादी जात मेली तर निदान कळतं. ही अशी विरघळून जाते की कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून एका कळपाची तपासणी करायची होती. कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून त्यात एकवीस जनावरं मोजली होती. माद्या आणि पिल्लं मिळून अठरा. त्यांची पुढारी एक म्हातारी म्हैस, कारण या कळपात बायकांचं चालतं. आणि तीन नर, जे एरवी वेगळे हिंडतात आणि माजाच्या दिवसांत कळपात येतात. त्यांतला थोरला नर फोटोत पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. सबंध कळपाची पुढची वासरं त्याची होणार होती. तो अस्सल निघाला तर त्या रानाला वेगळी राखण मिळणार होती. तो मिश्र निघाला तर त्याला बेशुद्ध करून, पकडून, जन्मभर कुंपणात ठेवायचं ठरलं होतं. वनखात्याची समिती त्यासाठीच बसली होती.

रानम्हशीला धरून रक्त काढता येत नाही. पण शेण मिळतं. ताज्या शेणावर एक चकचकीत पातळ थर असतो, त्यात तिच्या आतड्याच्या पेशी असतात. तेवढाच काडीनं खरवडून औषधाच्या बाटलीत टाकायचा. तेही एक-दोन तासांतलं शेण हवं, उन्हात वाळलेलं चालत नाही. शिवाय कोणाचं ते कळायला हवं. हे काम करणारा माणूस माझ्या ओळखीत एकच होता आणि तो निवृत्त होऊन बार्शीटाकळीत भुरीची पाठ खाजवत बसला होता.

"येतो," जानराव म्हणाले. "पन मॅडम, जंगलात मले मोबाइल दाबता येत नाही. मी वहीत लिहीन."

"लिहा."

मी त्यांना एकवीस बाटल्या दिल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. एक ते अठरा माद्या आणि पिल्लं, एकोणीस थोरला नर, वीस आणि एकवीस त्याच्याबरोबरचे दोन तरणे. जाण्याआधी त्यांनी आपल्या इकडच्या म्हशींचेही चाळीस नमुने गोळा करून दिले, कारण तुलनेला गावची म्हैस हवीच. त्यांत चौदावी भुरी. तिचा नमुना घेताना शालूताई शेजारी पदर खोचून उभ्या होत्या आणि सगळं नीट बघत होत्या.

फेब्रुवारीत जानराव गेले, महिन्यानं आले. रात्रीची गाडी पकडून बार्शीटाकळीला घरी पोचले, सकाळी पेटी घेऊन प्रयोगशाळेत. मी त्या शनिवारी अमरावतीला होते. आमच्या रश्मीनं, म्हणजे आमच्या तंत्रज्ञ मुलीनं, पेटी घेतली. वही माझ्या खणात ठेवली आणि बाटल्यांवरचे नंबर यादीत उतरवले. एकवीस बाटल्या, एकवीस नोंदी. जानराव तिथूनच सुगतकडे चांदूर रेल्वेला गेले, नातीला बघायला.

"मॅडम, शेवटच्या तीन काय मस्त भरल्यात," रश्मी सोमवारी म्हणाली. "बाकीच्यांत नुसती खरवड आहे. यांत गोळेच्या गोळे."

मी म्हटलं, छान.

पहिली चाचणी फक्त आईकडचं रक्त सांगते. एप्रिलच्या एका शुक्रवारी तिचा निकाल लागला. एक ते अठरा, सगळ्यांची आई रानाची. एकोणीस, वीस आणि एकवीस, तिघांची आई गावची.

मी तो कागद तीन वेळा वाचला आणि मग मला खरंच रडू आलं. कोणा गावच्या म्हशीचा हा मुलगा, एवढी शिंगं घेऊन रानात राज्य करत होता आणि सगळा कळप बाटवत होता. समितीची बैठक पुढच्या गुरुवारी होती आणि निकाल मागण्यासाठी दोनदा फोन येऊन गेले होते. नराची-मादीची आणि एकेका जनावराची ओळख पटवणारी दुसरी, बारीक चाचणी अजून व्हायची होती. पण मला धीर कुठला. त्याच संध्याकाळी मी कळवून टाकलं, तिन्ही नर मिश्र आहेत. जानरावांना फोन करावा असं मनात आलं होतं. पण महिनाभर रानात उन्हातान्हात फिरलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून टाळलं. आमचे बाबा वकील होते. ते म्हणत, आधी साक्षीदाराला विचारावं, मग निकाल द्यावा. मी वकील झाले नाही ते बरंच झालं.

सोमवारी समितीकडून उत्तर आलं. नर पकडायला माणसं आणि औषधाची बंदूक तयार ठेवतो आहोत, गुरुवारी सह्या होतील.

मंगळवारी सकाळी रश्मी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा असा, की हसावं की पळून जावं हे तिचं ठरत नव्हतं.

"मॅडम, रागावणार नसाल तर सांगते."

"रागावणार. सांग."

"एकोणीस नंबरचा नर मादी आहे."

"काय?"

"वीस पण. एकवीस पण. आणि तिन्ही बाटल्यांत एकच जनावर आहे, मॅडम. एकच म्हैस. आणि ती आपल्या यादीत आहे. नंबर चौदा. बार्शीटाकळी. मालक जानराव तेलगोटे."

रानातला तो डोंगराएवढा नर, आणि बाटलीत भुरी!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जानरावांना फोन करून बोलावून घेतलं. ते आदल्याच दिवशी गावी परतले होते. दुपारच्या बसनं आले, घाम पुसत दारात उभे राहिले, "जय भीम, मॅडम," म्हणाले. मी त्यांना बसा म्हटलं नाही. आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

"जानराव, रेडा सापडला नाही तर सांगायचं होतं. घरच्या म्हशीचं शेण भरून आणायची काय गरज होती? सरळ फसवलंत मला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना साहेब लोकांनी नाही नाही ते ऐकवलं असेल, पण खोटारडा कोणी म्हटलं नसावं.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "माही वही पाह्यली का तुमी?"

वही माझ्या खणात होती. गेले पाच आठवडे. रबर लावलेलं तसंच. मी ते काढलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, एकेका पानावर एक जनावर. 'नंबर ४. डाव्या कानाले कात्रण. शेण सकाळी सात, गवत आन बांबूची पाती. पिल्लू पिऊन राह्यलं होतं.' अशी अठरा पानं. एकोणिसाव्या पानावर एवढंच: 'थोरला नर भेटला नाही. नदीपल्याड गेला, श्रावण म्हनते. त्याच्या संग दोघं. तीन बाटल्या खाली वापस आनल्या.'

श्रावण म्हणजे तिथला वनरक्षक.

"रिकाम्या आणल्या होत्या?"

"खालीच होत्या. मी सोता दोरी बांधली पेटीले. घरी आलो, पेटी ओट्यावर ठेवली, अन् झोपलो..."

आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांना समजलंय, आणि मला समजू नये म्हणून ते आता तोंड उघडणार नाहीत.

"चूक माही लिहा, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "जानराव तेलगोटेनं चुकीचं भरलं, असं लिहा. मी तं आता रिटायरच हावो. माहं काय जाते?"

"आणि खरं काय आहे?"

"खरं घरचं हाये. घरात राहू द्या."

माझा राग कुठच्या कुठे गेला. जन्मभर दुसऱ्यांची जनावरं धरून लाथा खाल्लेला हा माणूस, आताही कुणाची तरी लाथ आपल्या अंगावर घेत होता. मी पर्स उचलली. "चला," म्हटलं. "बार्शीटाकळीची बस किती वाजता आहे?"

स्टँडवर उतरल्यावर रस्त्यात दोनदा शेण दिसलं, तरी जानराव वाकले नाहीत.

शालूताई अंगणात गोवऱ्या उलटत होत्या. मला बघून हात धुतले, पाटावर बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "शालूताई, त्या पेटीतल्या तीन बाटल्या..."

"भरल्या होत्या म्या," त्या लगेच म्हणाल्या. "काहून? कमी पडलं का?"

जानरावांनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही कशाला भरल्या, ताई?"

"मंग काय खाली पाठवू?" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "हे झोपले होते. म्या पेटी पुसाले घेतली, तं दोरी ढिली. पाह्यलं तं तीन बाटल्या खाली. म्हनलं, एवढ्या लांबून आनल्या, सरकारी असल्या म्हनून काय झालं, खाली कशा वापस द्याच्या? तुमी ह्यायले बोलल्या असत्या. भांडं खाली वापस देत नसते, बाई. म्हशीचंच शेन पायजे होतं नं? तुमीच तं भुरीचं नेलं होतं मांगं. चांगलं ताजं भरलं, अन् दोरी गच्च आवळली."

"पण ते रानम्हशीचं हवं होतं!"

"शेन तं शेनच असते."

मी पाटावर बसल्या बसल्या हसायला लागले. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. पाच दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. तो रेडा बाटलेला नव्हता! म्हणजे असेलही, पण मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं एवढं गोड कधी लागलं नव्हतं. अठरा नमुने अस्सल होते. जानराव खोटे नव्हते. कोपऱ्यात भुरी रवंथ करत उभी होती, तीन रेड्यांचं पाप डोक्यावर घेऊन, अगदी शांत.

शालूताईंना मात्र हसू आलं नाही. नवऱ्याचं तोंड बघून त्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं. मी सगळं सांगितलं. त्या तीन बाटल्यांवरून एका रानातल्या नराला जन्मठेप होणार होती, गुरुवारी सह्या होणार होत्या. त्या खाली बसल्या.

"आई वं," त्या म्हणाल्या. "त्या मुक्या जीवाले माह्या हातानं?"

"होणार होतं. आता होणार नाही."

"अन् ह्यायले तुमी बोलल्या असान."

"बोलले. नको ते बोलले." मी जानरावांकडे वळले. "चूक माझी आहे, जानराव. वही उघडली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मला माफ करा."

जानराव भुरीकडे बघत होते. "जाऊ द्या नं, मॅडम," ते म्हणाले. "डॉक्टर नवा असला का सांभाळून घ्या लागते."

त्याच संध्याकाळी मी समितीला फोन केला आणि बुधवारी सकाळी पत्र पाठवलं. तीन बाटल्यांचा निकाल रद्द समजावा; नरांचे नमुने मिळालेच नव्हते; क्षेत्रनोंदवही न वाचता निकाल कळवला, ही चूक माझी आहे. खाली माझी सही. पलीकडून जे ऐकावं लागलं ते मी ऐकून घेतलं, ते माझंच होतं. पकडायला निघालेली माणसं थांबली. पण समितीनं एक अट घातली. पावसाआधी थोरल्या नराचा खरा नमुना द्या, नाहीतर पुन्हा विचार करू.

मी जानरावांना सांगितलं तेव्हा मे महिना लागत होता. बासष्टाव्या वर्षी, गडचिरोलीच्या उन्हात. जमेल का, असं विचारायलाही मला संकोच वाटत होता.

"जातोच," ते म्हणाले. "त्याचा हिसाब राह्यला हाये माह्याकडे."

सतरा दिवस त्यांचा पत्ता नव्हता. अठराव्या दिवशी ते आले, उन्हानं काळेठिक्कर, सदऱ्याला चिखल. बार्शीटाकळीला घरी जाऊनच आले होते. टेबलावर पेटी ठेवली. दोरी नवी होती, गाठ शालूताईंची.

"भेटला?"

"भेटला." ते खुर्चीवर बसले. या वेळी मी आधी खुर्ची पुढे केली होती. "नदीपल्याड एक डबकं हाये, लोळनीचं. श्रावन अन् मी झाडावर बसलो. दोन दिवस कोनी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी थोरला आला, एक तरना संग घेऊन. मॅडम, केवढा मोठा! सावकाश चिखलात बसला. अन् बसल्यावर काय केलं म्हनान? डोळे मिटले, अन् कान हालवू लागला. अशी आमची भुरी बसते. इतकुसाबी फरक नाही. फक्त ह्याले कोनी हाक मारत नाही."

"मग?"

"मंग ते गेले का उतरलो. दोघांचंबी गरमच होतं."

मी पेटी उघडली. एकोणीसमध्ये पातळ खरवड, जानरावांच्या हातची. वीसमध्येही. एकवीस नंबरची बाटली रिकामी होती. तिच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला होता, आणि दोऱ्याला एक चिठ्ठी. सुगतच्या जुन्या वहीचा कागद, अक्षर शालूताईंचं, चौथीपर्यंत शिकलेलं: 'ही बाटली खाली हाये. म्या हात लावला नाही.' आणि बाटल्यांच्या बाजूला, पेटीच्या कोपऱ्यात, फडक्यात बांधलेला गुळाचा खडा.

मी तो गूळ सगळा एकटीनं खाल्ला. रश्मीलाही दिला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही चाचण्यांचे निकाल आले. या वेळी मी आधी वही वाचली, मग निकाल, मग पुन्हा वही. मग समितीला फोन केला. मग अमरावतीला गेले. अकरा वर्षं माझ्याकडून घासून रिकामा जात असलेला तो स्टीलचा डबा माझ्याजवळच होता. मला स्वयंपाक बेताचाच येतो, म्हणून राजकमल चौकाजवळून गिले वडे, म्हणजे आमच्याकडचे दहीवडे, घेतले, डबा काठोकाठ भरला, दह्याची पिशवी वेगळी घेतली आणि बसनं अकोला, तिथून बार्शीटाकळी. वाटेत वडे मऊ पडले, दह्याची पिशवी थोडी गळली. त्याला इलाज नव्हता.

जानराव अंगणात भुरीला पाणी दाखवत होते. मला फाटकात बघून बादली खाली ठेवली. जय भीमही म्हणाले नाहीत.

"एकोणीस?"

"नर आहे," मी म्हटलं.

"ते माहीत हाये मले. मी पाह्यला त्याले."

"आईकडून रानाचा. बापाकडूनही रानाचा. वीस नंबरचाही तसाच. गावच्या म्हशीचा थेंब नाही, जानराव."

ते तिथेच, गोठ्याच्या दाराशी, जमिनीवर बसले. गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग पुन्हा तोंड. भुरीनं मान वळवून त्यांच्या डोक्याचा वास घेतला.

"म्हंजे त्याले सोडलं?"

"पकडलाच नव्हता. आता पकडणारही नाहीत. राखण बसणार आहे. सह्या झाल्या काल."

"बरं झालं," ते म्हणाले. "लय बरं झालं." त्यांच्या शेजारी मीही बसले, चांगल्या साडीनिशी.

शालूताई बाहेर आल्या. मी डबा पुढे केला. त्यांनी तो नेहमीसारखा एका हातानं घेतला आणि तो जड लागल्याबरोबर दुसरा हातही खाली लावला. झाकण न उघडता क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

"अवो, इकडे पाहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मॅडमनं डबा भरून आनला."